मळ्यातल्या घराची सेप्टिक टाकी तळ न करता बांधली तर चालेल का?

निफाडकडे काळ्या जमिनीत, मळ्यात घर बांधताय. घरात ६ माणसं, सणावाराला १० होतात. विहीर ४० फुटांवर आहे आणि गवंडी म्हणतोय, "टाकीला तळ नको, पाणी आपोआप मुरेल, कधी उपसावी लागणार नाही." कृपा करून हे करू नका. तळ नसलेली टाकी म्हणजे मैल्याचा खड्डा, आणि त्याचं पाणी तुमच्याच विहिरीकडे वाट काढेल.

सेप्टिक टाकी अर्धंच काम करते. जड मैला खाली बसून कुजतो, तेलकट साय वर तरंगते, आणि मधलं पाणी बाहेर पडतं. ते निवळ दिसलं तरी जंतूंनी भरलेलं असतं. उरलेलं अर्धं काम माती करते, म्हणून टाकीच्या आधी मातीचा विचार करायचा. आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी जवळजवळ जिरूच देत नाही. पाषाणाच्या भेगा उलट पाणी अडवत नाहीत, गाळतही नाहीत. मैलापाणी एकदा भेगेत शिरलं की लांबच्या विहिरीत किंवा बोअरमध्येही निघू शकतं.

म्हणून जेसीबी बोलवायच्या आधी पाणी किती मुरतं ते बघा. टाकीतून बाहेर पडणारं पाणी मुरवायला जिथे चर (खडी भरलेला उथळ खंदक) काढणार तिथे, चराच्याच खोलीचा, फूटभर रुंद खड्डा घ्या. बाजू खरवडा, तळाशी २ इंच जाड वाळू टाका, वर फूटभर पाणी भरा आणि रात्रभर तेवढंच टिकवा. ही रात्र टाळू नका. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळलेली असते, पाणी भसाभस जातं आणि जमीन चांगली वाटते. भिजून फुगल्यावर खरं कळतं. सकाळी वाळूवर ६ इंच पाणी ठेवून पातळी १ इंच उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजा. ३० मिनिटांच्या आत असेल तर शोषखड्डा (पाणी मुरवायचा खोल खड्डा) चालेल. ३० ते ६० असेल तर उथळ चर काढा. ६० च्या वर गेलं तर त्या जागी जमिनीत मुरवायचा नाद सोडा.

विहिरीच्या पाण्याची पातळीही बघा, तीही भाद्रपदात किंवा कालव्याचं आवर्तन चालू असताना. पाणी जमिनीपासून ६-७ फुटांच्या आत येत असेल तर खोल शोषखड्डा म्हणजे सरळ भूजलात मैला. शोषखड्डा किंवा चर पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर, म्हणजे ६० फूट लांब हवा. तुमचे ४० फूट कमी पडतात. घराच्या दुसऱ्या अंगाला, विहिरीच्या उताराखाली जागा काढा. आपल्या पाषाणात ६० फुटांवर न थांबता जमेल तितकं लांब जा. खणताना कातळ लागला तर सुरुंग लावू नका, भेगा आणखी उघडतात. टाकी उथळ आणि लांब करा; पाण्याची खोली मात्र १ मीटरच्या खाली नको.

आता टाकी. १० माणसं आणि २ वर्षांनी उपसा धरला तर भारतीय मानक २४७० प्रमाणे आतलं माप २ मीटर लांबी, ०.९ मीटर रुंदी, पाण्याची खोली १.४ मीटर आणि वर ३० सेंमी मोकळी जागा. तळ १५ सेंमी काँक्रीटचा, भिंत ९ इंची, आतून-बाहेरून १:३ चं प्लॅस्टर. माती बुजवण्याआधी टाकी काठोकाठ भरून २४ तास ठेवा. कोरड्या भिंती आधी थोडं पाणी पितात; त्यानंतरही पातळी उतरत राहिली तर गळती आहे. भिंतीलगत काळी माती नको, मुरूम भरा, नाहीतर फुगलेली माती भिंतीला तडा देते. तयार प्लॅस्टिकची टाकी घेतलीत तर बुजवताना आत पाणी भरत जा. रिकामी टाकी दबते, आणि पावसाळ्यात भूजल वर आलं की उचललीही जाते.

गवंडी बहुतेक वेळा चुकतात ते आतल्या कामात. बाहेर जाणारा पाईप येणाऱ्या पाईपापेक्षा २ इंच खाली हवा. दोन्हींना टी (T आकाराचा जोड) लावा, टीचं खालचं तोंड पाण्यात फूटभर बुडालेलं. बाहेरच्या बाजूला टी नसेल तर साय थेट चरात जाते आणि चर चोंदतो. मग दोष जमिनीला दिला जातो. मधली भिंत आत येणाऱ्या बाजूपासून दोन तृतीयांशावर. तिची भोकं मधल्या उंचीला ठेवा, कारण तळाशी गाळ असतो आणि वर साय. संडासापासूनच्या ४ इंची पाईपाला १० फुटांना २ ते अडीच इंच उतार पुरतो. टाकीतला गॅस बाहेर सोडणारा पाईप घराजवळ असेल तर छताच्या २ मीटर वर न्या आणि तोंडाला डासांची जाळी बांधा.

न्हाणीचं आणि मोरीचं पाणी या टाकीत सोडू नका. कपडे धुण्याच्या दिवशी एकदम येणारा लोंढा गाळ ढवळून चरात ढकलतो. ते वेगळं काढून केळीला द्या.

चर २ ते ३ फूट खोल, तितकाच रुंद, तळाला खडी, त्यावर छिद्रांचा पाईप, वर पुन्हा खडी आणि माती. एक चर ३० मीटरपेक्षा लांब नको, दोन चरांत ६ फूट अंतर. मी तरी दोन चर काढून आलटून पालटून वापरा असंच सांगेन; विश्रांती मिळालेला चर पुन्हा पाणी पिऊ लागतो. पाणी मुरतच नसेल तर टाकीनंतर खालून वर पाणी चढणारा खडीचा फिल्टर बांधा, माणशी ४० ते ५० लिटर खडी धरून. त्यातून निघालेलं पाणी झाडांना द्या, कांद्याला किंवा भाजीला नको.

वापर सुरू करण्याआधी टाकी बाहेरच्या पाईपापर्यंत साध्या पाण्याने भरा आणि गोबरगॅसची थोडी मळी टाका. ॲसिड जपून वापरा, ते कुजवणारे जंतू मारतं.

उपशाचा टँकर टाकीपर्यंत पोचेल अशी वाट आत्ताच ठेवा. नंतर द्राक्षाचा मांडव मध्ये आला की पाईप पुरत नाही. दर सहा महिन्यांनी झाकण उघडून काठीने बघा. गाळ आणि साय मिळून निम्मी खोली भरली की टँकर बोलवा. कोणत्याही कारणाने माणूस आत उतरवू नका. आतल्या वायूने क्षणात शुद्ध हरपते आणि वाचवायला उतरलेलाही मरतो. हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय हे काम माणसाकडून करून घेणं गुन्हा आहे. टँकरवाल्याला सगळा गाळ खरवडू देऊ नका, थोडा तळाशी राहू द्या. तोच पुढचा मैला कुजवायला लागतो.