दाब दिला की सुपरकंडक्टर

प्रश्न: पोटॅशियमवाल्या फुलरीनला दाबलं की सुपरकंडक्टिव्हिटी (खूप थंड केल्यावर वीज अजिबात अडथळा न होता वाहणं) कमी होते, मग सीझियमवाल्यात उलटं कसं काय?

उत्तर: मस्त प्रश्न! कार्बनच्या ६० अणूंचे फुटबॉलसारखे गोळे, म्हणजेच फुलरीन, आणि मधल्या फटीत धातूचे अणू, अशी रचना असते बघा. पोटॅशियम छोटा, गोळे आधीच जवळ, तो साध्या दाबालाच १९ केल्विनच्या (साधारण उणे २५४ अंश सेल्सियस) आसपास सुपरकंडक्टर होतो, अजून दाबलं की इलेक्ट्रॉन जास्त मोकळे पसरतात आणि हे तापमान घसरतं. सीझियम मोठा, गोळे लांब, त्यामुळे इलेक्ट्रॉन आपापल्या गोळ्यावरच अडकतात आणि पदार्थ चक्क इन्सुलेटर, म्हणजे वीज न वाहू देणारा! पण वातावरणाच्या साधारण ७,००० पट दाबाखाली गोळे जवळ येतात, इलेक्ट्रॉन सुटतात आणि ३८ केल्विनला सुपरकंडक्टिव्हिटी मिळते, हे २००८ मध्ये दिसलं. त्यापुढे दाबलं तर मात्र तोही घसरतोच.