लातुरात कापड दुकानात आम्ही सहाच जण आहोत, मालकच अंगचटीला येतो. तक्रार कुठे करू?
ताई, हात लावणं तर आहेच, पण घाणेरडे मेसेज, ‘ऐकलंस तर पगार वाढवतो’ असं सुचवणं, हाही कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं लैंगिक छळच. दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी अंतर्गत समितीचं (म्हणजे अशा तक्रारी ऐकणाऱ्या, कामाच्या जागेतल्याच समितीचं) बंधन नाही, आणि तुमची तक्रार तर मालकावरच आहे. म्हणून जायचं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महिला व बालविकास कार्यालयात विचारा. शेवटच्या घटनेपासून ३ महिन्यांच्या आत, लेखी. लिहायला जमत नसेल तर समितीनंच मदत करायची असते. मेसेज अजिबात पुसू नका, तारखा वहीत टिपून ठेवा. गावात बोभाटा होईल ही भीती मला कळते, पण तक्रारदार बाईचं नाव जाहीर करायला कायद्यानं बंदी आहे. पोलिसांत जायचा रस्ताही सोबत खुला आहेच.