बक्षीस काढून टाका
तुमच्या कथेतली अकरा वर्षांची मुलगी, जिच्या डाव्या हाताला जन्मतः तीनच बोटे आहेत, चित्रकलेचे बक्षीस मिळवते आणि त्यानंतरच वर्ग तिला जवळ करतो, हे मला मनापासून खटकले. डॅनिश लेखक हान्स अँडरसनच्या १८४३ सालच्या परीकथेतही कुरूप पिल्लू राजहंस ठरल्यावरच सुखी होते. म्हणजे रूप पालटल्याशिवाय स्वीकार नाही. तुम्ही तसे करू नका. बक्षीस काढून टाका आणि तिला बटण लावताना दाखवा : एरवी हात खिशात लपवणारी ही मुलगी एके दिवशी मैत्रिणीसमोर, गप्पा न थांबवता, तीन बोटांनी बटण काजात सरकवते. प्रसंग तिथेच सोडा. दुसऱ्या दिवशी तिने हात पुन्हा लपवला तरी चालेल; मुलांचे असेच होते.