तक्त्यातला आकडा म्हणजे सन नव्हे

प्रश्न : मुलगी संख्याशास्त्रात पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गुण ६८ टक्के. पुढे पुरातत्त्व घेऊन जुन्या रेडिओकार्बन नोंदींवर संशोधन करायचं म्हणते. तारखा तक्त्यांत तयारच असतात, मग संशोधन कसलं? आम्ही तिला स्पर्धा परीक्षेला बसवायचं ठरवलं आहे. – एक पालक

उत्तर : ६८ टक्क्यांची काळजी नाही, ‘बसवायचं’ या शब्दाची आहे. विशीतल्या मुलीला परीक्षेला बसवत नाहीत, ती बसते. तिला नेमकं काय करायचंय हे तुम्ही एका वाक्यात उरकलंत आणि लगेच निर्णय सांगितलात. मला पत्र लिहिलंय हे तिला ठाऊक तरी आहे का? स्पर्धा परीक्षा पदवीनंतरही देता येतात, तो विषय इथेच सोडू.

आता ‘तयार तारखां’विषयी. रेडिओकार्बन म्हणजे जुन्या लाकडात, दाण्यात उरलेल्या कार्बन-१४ वरून वय काढणं. तक्त्यात ‘२४५० ± ३० बीपी’ असतं, ते सन नव्हे. बीपी म्हणजे १९५० च्या आधीची वर्षं, आणि तीही कॅलेंडरची नव्हेत; ±३० ही मोजणीतली त्रुटी. वातावरणातलं कार्बन-१४ कायम सारखं नव्हतं, म्हणून हा आकडा इंटकॅल२० सारख्या, रेडिओकार्बन वय आणि खरी वर्षं जोडणाऱ्या वक्रावरून कॅलेंडरवर आणावा लागतो. नेमका इथे वक्र सपाट आहे, म्हणजे अनेक वर्षांना जवळपास एकच वय येतं. ±३० ची नेटकी नोंद साधारण इ.स.पू. ७५० ते ४१० इतकी पसरते. खरी मेख पुढे आहे. पारंपरिक वय या पद्धतीचे जनक लिबी यांच्या ५५६८ वर्षांच्या अर्धायुष्यावर (कार्बन-१४ निम्मं व्हायला लागणाऱ्या काळावर) काढतात आणि वक्रालाही तेच लागतं. काही जुन्या अहवालांत मात्र ५७३० धरून काढलेलं, सुमारे ३ टक्क्यांनी जास्त वय छापलेलं असतं. तेच वक्राला दिलं, तर ४००० च्या नोंदीत शंभराहून अधिक वर्षांची चूक होते आणि सॉफ्टवेअर चकार शब्द काढत नाही.

शिवाय नमुना कशाचा होता? जुन्या झाडाच्या गाभ्यातला कोळसा चूल पेटल्याच्या कितीतरी आधीचं वय देतो. धान्याचा जळका दाणा एका हंगामाचा. समुद्री शिंपल्याला वक्रच वेगळा. एकच नमुना दोन अहवालांत छापला गेला की दोनदा मोजला जातो.

नोकऱ्या थोड्या आहेत, पीएच.डी.शिवाय पुढे सरकणं कठीण, आणि उत्खननात हात मळवल्याशिवाय मातीचे स्तर वाचता येत नाहीत. हे तिलाही सांगा.

एक महिना द्या. तिने एखाद्या स्थळाच्या ३० प्रकाशित नोंदी घ्याव्यात. रकाने : प्रयोगशाळा क्रमांक, मूळ वय, त्रुटी, अर्धायुष्य, नमुना, स्तर, ‘गाळली तर का’. मग ऑक्सकॅल या सॉफ्टवेअरमध्ये कॅलिब्रेशन, म्हणजे वक्रावरून कॅलेंडरची वर्षं काढणं. शेवटचा रकाना भरताना ती कंटाळली, तर तिचं तिलाच कळेल. तक्ता तिनेच पाठवावा. पुढचं पत्रही तिच्याच हातचं हवं.