व्हिडिओ कळतात, मग गणितं का सुटत नाहीत?

प्रश्न : ताई, मी ट्रिग्नोमेट्री ऑनलाइन शिकतेय, व्हिडिओ बघताना सगळं कळतं पण स्वतः गणित घेतलं की डोकंच बंद पडतं. काय करू?

उत्तर : अगं, हे खूप जणांचं होतं, कारण बघताना विचार शिकवणारा करतो आणि आपण नुसती मान डोलावतो. गणित आलं की लगेच पॉज कर, वहीत आधी स्वतः सोडव, चुकलं तरी चालेल, मगच पुढे बघ. आणि सूत्रं पाठ करत बसण्याआधी युनिट सर्कल हाताने काढ, म्हणजे केंद्र (०,०) वर आणि त्रिज्या १ असलेलं वर्तुळ, त्यावरच्या बिंदूचा एक्स म्हणजे कॉस आणि वाय म्हणजे साइन, बस्स. ३० अंशाचा बिंदू काढ, मग १५० चा, दोन्हींची उंची सारखीच दिसेल, म्हणून दोन्हींचं साइन १/२, पण १५० चा बिंदू डावीकडे गेला म्हणून त्याचं कॉस मायनस. हे एकदा डोळ्यांनी दिसलं ना की चिन्हांचा घोळ बराच कमी होतो. जिओजेब्रा हे गणिताच्या आकृत्या काढायचं ॲप फुकट आहे, त्यात नंतर बिंदू फिरवून बघ, पण आधी वहीतच हं! आणि साइन ३० चं उत्तर ०.५ ऐवजी मायनस ०.९८८ आलं तर घाबरू नको, कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर, मोड बदलून डिग्री कर.