अरेका पामच्या बिया घरी रुजत नाहीत, काय करावे?

आपण नोव्हेंबरमध्ये सोसायटीच्या आवारातील अरेका पामखाली पडलेल्या बिया वेचल्या, पंधरा दिवस उन्हात वाळवल्या, पुण्यातील बाल्कनीत कुंडीत पेरल्या आणि रोज पाणी घातले. तरी दोन महिन्यांत एकही कोंब आला नाही, तेव्हा बी वांझ होते का, असा आपला प्रश्न आहे. मी बरीच वर्षे गच्चीवर पामची रोपे बियांपासून करतो, आणि त्या अनुभवावरून मला वाटते की दोष झाडाचा नसून वाळवण्याचा आणि थंडीचा आहे.

धान्य आणि भाजीपाल्याचे बियाणे आपण खडखडीत वाळवून डब्यात भरतो, ते योग्यच आहे. उष्ण, दमट प्रदेशातील बहुतेक पामांना मात्र हीच रीत मारक ठरते, कारण त्यांच्या बियांतील ओलावा एका मर्यादेखाली गेला की आतला इवलासा गर्भ मरतो आणि नंतर कितीही भिजवले तरी तो जागा होत नाही. अरेका पाम मूळचा मादागास्करचा आहे. त्याचे फळ हिरवे असताना तोडू नये. ते पूर्ण पिवळे झाले की काढावे आणि शक्यतो त्याच आठवड्यात पेरावे. टपालाने मागवलेल्या, किती जुन्या आहेत हे विक्रेत्यालाही ठाऊक नसलेल्या बियांवर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट उबेची. पाम रुजण्यासाठी मातीचे तापमान साधारण 30 ते 35 अंश सेल्सिअस असावे लागते; पुण्यात डिसेंबरच्या रात्री पारा 10-12 अंशांपर्यंत उतरतो आणि ओली कुंडी त्याहून लवकर गार पडते, त्यामुळे बी रुजण्याऐवजी कुजते. कुंडीतील एक बी काढून कापून पाहा. आतला भाग पांढरा आणि टणक असेल तर अजून आशा आहे. तो मऊ, तपकिरी किंवा वास मारणारा असेल तर ती कुंडी सोडून द्यावी आणि उन्हाळ्याच्या तोंडावर ताज्या बियांनी नव्याने आरंभ करावा.

त्या वेळी फळांवरचा गर पूर्ण काढून टाका, कारण गरावर बुरशी धरते. भेरली माड या दुसऱ्या जातीच्या पामची फळे सोलायची असतील तर हातमोजे घातल्याशिवाय त्यांना हात लावू नका. त्यांच्या गरातील कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुयांनी हातांची आग होते. स्वच्छ बिया एक-दोन दिवस पाण्यात ठेवून पाणी रोज बदलावे. तरंगणारे बी टाकून द्यावे, हा सल्ला सर्वत्र दिला जातो, पण तो पामांना सरसकट लावू नये. पोफळीच्या रोपांसाठी तर पिकलेल्या असोल्या सुपाऱ्या पाण्यात सोडतात आणि ज्या देठाकडची टोपी वर करून उभ्या तरंगतात, त्याच जोमदार रोपांसाठी निवडतात.

भिजवलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मुठीत घट्ट पिळावे, इतके की पाण्याचा थेंब गळू नये. मग त्यात बिया मिसळून ते प्लास्टिकच्या बंद पिशवीत भरावे आणि पिशवी घरातील सर्वांत उबदार जागी, पण थेट उन्हापासून दूर ठेवावी. आठवड्यातून एकदा ती उघडून हवा द्यावी आणि बुरशी आलेले बी काढून टाकावे. या पद्धतीत पाणी घालण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि घरच्या रुजवणीत बिया सर्वाधिक मरतात त्या अति पाण्यानेच. अरेकाचे ताजे बी अशा उबेत सुमारे दीड महिन्यात कोंब काढू लागते. फॉक्सटेल पामला कित्येक महिने लागू शकतात. एकाच घोसातील बियाही एकदम रुजत नाहीत, म्हणून पहिले कोंब आल्यावर उरलेल्या बिया फेकू नयेत. जिब्रेलिक आम्लात, म्हणजे रुजवण वाढवणाऱ्या संप्रेरकात, बी भिजवण्याचा उपाय मी सुचवणार नाही, कारण त्याने रोपे लांबट आणि लुळी होतात.

ताडाचे बी लावणार असाल तर एवढे ध्यानात ठेवावे की त्याचा कोंब आधी जमिनीत खोल उतरतो आणि पान त्यानंतर वर येते, म्हणून त्याला उथळ ट्रे चालत नाही. ते थेट जमिनीत किंवा खूप खोल कुंडीतच लावावे. अरेकाचे रोप बियाला लागूनच उगवते, त्यामुळे कोंब बोटाच्या पेराएवढा झाला की ते लहान पण खोलगट पिशवीत, बी जेमतेम झाकेल इतक्याच मातीत लावावे आणि सावलीत ठेवावे. रोपाला चिकटलेले बी ओढून काढू नये. मोड आलेल्या नारळात जो पांढरा, गोडसर, स्पंजासारखा गोळा असतो, तसाच एक लहान भाग या बियांतही तयार होऊन साठवलेले अन्न रोपाला पुरवत असतो, आणि पहिली पाने उलगडून मुळे पसरेपर्यंत रोपाची बरीचशी भिस्त त्यावरच असते.