अतिशीत रुबिडियममध्ये ६०एस रिडबर्ग रेषा रुंद आणि सरकलेली का दिसते?

रिडबर्ग अणू म्हणजे ज्याचा बाहेरचा इलेक्ट्रॉन खूप वरच्या पातळीवर नेला आहे असा अणू; ६०एस म्हणजे मुख्य क्वांटम अंक एन = ६० असलेली एस पातळी. तिथे दोन टप्प्यांत नेणारे ७८० आणि ४८० नॅनोमीटरचे दोन्ही लेसर नीट लॉक (वारंवारता स्थिर धरलेले) असतील, तर पहिला संशय भटक्या विद्युत क्षेत्रावर घ्या. रिडबर्ग अणूची ध्रुवणक्षमता (विद्युत क्षेत्राने सहज प्रभावित होण्याची क्षमता) साधारण एन च्या सातव्या घाताने वाढते. ६०एसला ०.१ व्होल्ट प्रति सेंटिमीटर क्षेत्रात रेषा जेमतेम १ मेगाहर्ट्झ खाली सरकते. १००एसला तेवढ्याच क्षेत्रात सुमारे ३०! काचेला चिकटलेले रुबिडियम आणि त्यावर पडणारा निळा प्रकाश यांतून काचेवर प्रभार जमतात आणि त्यांतून हे क्षेत्र तयार होते, म्हणून रेषा दिवसागणिक हलतेही.

उपाय कंटाळवाणा, पण खात्रीचा. अणूंजवळच्या इलेक्ट्रोडचा व्होल्टेज थोडाथोडा बदलत प्रत्येक वेळी रेषेची जागा नोंदवा. आलेख पॅराबोला येतो. जिथे वारंवारता सर्वात जास्त, तिथे त्या अक्षावरचे क्षेत्र शून्य. तिन्ही अक्षांवर हे करा, मग पहिला अक्ष पुन्हा तपासा.

क्षेत्र शून्य करूनही रेषा रुंदच राहिली, तर ७८०ची शक्ती निम्मी करून बघा. रुंदी उतरली तर दोष शक्तिजन्य रुंदावण्याचा (लेसर जोरात असल्याने रेषा पसरण्याचा) किंवा अणूंच्या आपसांतल्या ओढाताणीचा (या ओढाताणीचा गुणांक सी६ एन च्या अकराव्या घाताने वाढतो). दोन्ही वेगळे ओळखायला शक्ती तीच ठेवून अणूंची घनता कमी करा.

आणि मोजताना अणूंना धरून ठेवणाऱ्या सापळ्याचा प्रकाश बंद हवाच. सापळ्याची चुंबकीय कॉइल बंद केल्यावरही चेंबरच्या धातूत भोवरा-प्रवाह (बदलत्या चुंबकीय क्षेत्राने निर्माण झालेले विद्युत प्रवाह) रेंगाळतात, काही मिलिसेकंद थांबा. पण फार थांबलात तर अणूंचा ढग पसरतो.